कुठल्याच हद्दीत नाही

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या मराठी लोकांत ईश्वर गजभिये यांना ‘वकीलसाहेब’ म्हणत, पण ते वकील नव्हते. मोटारींच्या कारखान्यात ते रंगविभागात इंजिनियर होते. पत्र्यावर चढवलेला रंग मिशिगनच्या हिवाळ्यात, रस्त्यावर टाकलेल्या मिठात किती तग धरतो, हे पाहणं त्यांचं काम. पण दुसरे लोक कादंबऱ्या वाचतात तसा हा माणूस कायदा वाचायचा. कुणाला घरमालकानं मधेच घर सोडायला सांगितलं, कुणाच्या भावाचा व्हिसा अडकला, कुणाला पोलिसांनी उगाच दंडाचं तिकीट दिलं, की ईश्वरकाकांना फोन जायचा. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “घाबरू नका. कायद्यात याला जागा आहे.” चौदा एप्रिलला शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन जयंती व्हायची तेव्हा राज्यघटनेवर बोलायला दर वर्षी तेच उभे राहायचे. भाषण लांबायचं. मागच्या रांगेतली अमेरिकेत जन्मलेली मुलं चुळबुळ करायची, तरी काकांना कुणी आवरा म्हणायचं नाही.

बायको सुलभा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. मुलगा एकच, नकुल. तो डेट्रॉइटमध्ये जन्मला, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र बहुतेक इंग्रजीत. मुलानं वकील व्हावं ही बापाची इच्छा लपलेली नव्हती. नकुलचं पुस्तकांशी कधी जमलं नाही. त्याचे हात मात्र सोन्यासारखे. बंद पडलेलं कुठलंही इंजिन त्याच्यापुढे ठेवलं की तो जेवणखाण विसरायचा. दोन वर्षांत त्यानं कॉलेज सोडलं आणि डिझेल ट्रकच्या गॅरेजमध्ये नोकरी धरली. ईश्वरना ते लागलं, पण बोलले नाहीत. माझ्या बापानं गिरणीत हात काळे केले, पोराचेही काळे झाले तर त्यात कमीपणा कसला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शहाण्णव सालच्या पानगळीत नकुलला बोस्नियात काम मिळालं. तिथली लढाई थांबली होती आणि तह पाळला जातोय ना हे पाहायला अमेरिकन फौजा गेल्या होत्या. फौजेला जेवण रांधायला, कपडे धुवायला, ट्रक दुरुस्त करायला सैन्यानं एका खाजगी कंपनीला ठेका दिला होता. नकुल त्या कंपनीचा मेकॅनिक. अंगावर लष्करी जॅकेट, राहायला लष्करी छावणी, पण माणूस सिव्हिलियन. निघताना ईश्वर त्याला म्हणाले होते, “लढायला नाही, लढाई थांबवायला चाललास. चांगलं काम आहे.” मुलाच्या कामाला त्यांनी तोंडभरून चांगलं म्हटलं, ते बहुधा तेव्हाच पहिल्यांदा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी फोन आला. सुलभानं घेतला आणि रिसीव्हर नवऱ्याकडे दिला. पलीकडून नकुल म्हणाला, “बाबा, आय किल्ड अ मॅन.” मग लाइन खरखरली. पुढचं एवढंच कळलं की अपघात झाला, तो स्वतः धड आहे आणि लष्करी पोलिसांच्या ताब्यात आहे.

ईश्वरनी त्या रात्रीपर्यंत मिळेल तिथे फोन लावले. कंपनीच्या टेक्सासमधल्या ऑफिसात यंत्रानं निरोप ठेवायला सांगितलं. सैन्याच्या नंबरवर कुणी शिपाई होता. तो नम्रपणे म्हणाला, सर, मला काही सांगता येत नाही. सुलभानं एकच विचारलं, “तिथे तुरुंग कसे असतात हो?” ईश्वर म्हणाले, “आधी खटला चालेल. त्याला वकील मिळेल. कायद्याप्रमाणे सगळं होईल.” हे बोलताना त्यांना खरंच धीर आला होता.

पण आठवडाभरात नकुलच घरी आला. एअरपोर्टवर त्याच्यासोबत पोलीस नव्हता, कंपनीचं कुणी नव्हतं. खांद्यावर बॅग टाकून तो बाकी प्रवाशांबरोबर सरकत्या दारातून बाहेर आला. सुलभा त्याच्या गळ्यात पडून रडली. ईश्वर त्याच्या मागे पाहत राहिले. अजून कुणीतरी यायला हवं होतं, असं त्यांना वाटत होतं.

घरी जेवणाच्या टेबलावर नकुलनं सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. एका सोबत्याची घरी परतायची वेळ आली म्हणून ते चौघं गावातल्या कॅफेत बसले होते. दारूला सक्त मनाई होती, तरी बसले. तिथली आलुबुखाराची दारू पाण्यासारखी दिसते. किती पेले झाले ते त्याला आठवत नव्हतं. परतताना पिकअप तोच चालवत होता. रस्त्यावरचं बर्फ दबून काचेसारखं झालेलं. वळणावर एक माणूस सायकल हातात धरून चालत होता. तो दिसला तेव्हा गाडी त्याच्यापर्यंत पोचलीच होती. माणसाचं नाव रमीझ. वखारीत काम करायचा, घरी बायको आणि दोन मुली.

नकुलनं लष्करी पोलिसांना खरं सांगितलं. हो, प्यालो होतो. हो, मीच चालवत होतो. त्यांनी ते लिहून घेतलं, त्याच्या रक्ताची तपासणी केली. गावचे पोलीसही आले होते. त्यांना छावणीच्या फाटकावरून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी लष्कराच्या वकिलानं त्याला बोलावून सांगितलं, की तू सैनिक असतास तर कोर्ट मार्शल झालं असतं. तू नाहीस, म्हणून आम्ही काही करू शकत नाही. कंपनीनं नियम मोडल्याबद्दल नोकरीवरून काढलं आणि विमानात बसवलं.

“मग आता इथे?” ईश्वरनी विचारलं.

“नो वन सेड एनीथिंग, बाबा. मला म्हणाले, गो होम.”

पहिल्या दिवसांत लोक भेटायला येत होते. रवींद्र हा ईश्वरचा नागपूरच्या कॉलेजपासूनचा मित्र, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. त्यानं सगळं ऐकलं आणि बाहेर गाडीपाशी आल्यावर ईश्वरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पोरगा सुटला ना, यार. आता उगाच उकरून काढू नकोस.” तो मनानं वाईट माणूस नव्हता. मित्राचं भलंच त्याच्या मनात होतं. पण ‘सुटला’ हा शब्द ईश्वरच्या डोक्यात असा बसला, की त्या दिवसापासून त्यांनी रवींद्रकडे जाणं कमी केलं.

त्यांना वाटत होतं, अमेरिकेचं सरकार आहे, आज ना उद्या बोलावणं येईल. मार्च संपत आला, कुणी विचारलं नाही. शेवटी ते रीमाकडे गेले. रीमा त्यांच्या ओळखीतल्या कुटुंबातली मुलगी, इथेच जन्मलेली, डेट्रॉइटमध्ये फौजदारी वकिली करणारी. लहानपणी जयंतीच्या भाषणात मागच्या रांगेत झोपणाऱ्यांतली ती एक. तिनं आठवडाभर पुस्तकं पालथी घातली आणि त्यांना ऑफिसात बोलावलं. नकुल बापाशेजारी बसला.

ती मराठी-इंग्रजीची सरमिसळ करत, सावकाश बोलली. सिव्हिलियन माणसाला लष्करी कोर्टात उभं करायचं तर देशानं युद्ध पुकारलेलं असावं लागतं, आणि बोस्नियात ते नव्हतं. तिथल्या कोर्टानं खटला चालवावा, तर शांतता करारात लिहिलं होतं, की फौजेच्या आणि फौजेबरोबर आलेल्या माणसांवर फक्त त्यांच्या देशाचा अधिकार. राहिली अमेरिकेची नेहमीची कोर्टं. माणसाच्या मृत्यूचे बहुतेक कायदे देशाच्या सीमेपाशी संपत होते.

“म्हणजे गुन्हा झाला नाही?” ईश्वरनी विचारलं.

“झाला, काका. पण कुठल्याच हद्दीत नाही.”

“असं कसं होईल, बेटा? कायद्यात याला जागा असणारच. तू नीट बघ.”

रीमानं समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “नीट बघितलं, काका. हे पहिल्यांदा झालेलं नाही. जर्मनीत, कोरियात, बऱ्याच ठिकाणी झालंय. लोकांना हे भोक माहीत आहे. चाळीस वर्षं कुणी बुजवलं नाही.”

ती नकुलकडे वळली आणि त्याची वकील म्हणून त्याला स्पष्ट सांगितलं, की त्यानं यापुढे कुणाशी काही बोलू नये. नकुल म्हणाला, मला बोलायचंय. सरकारी वकिलाकडे मी स्वतः जाईन. रीमानं ईश्वरकडे पाहिलं. काकांनी मुलाला थांबवावं असं तिला वाटत असावं. ईश्वर थांबवू शकले असते, पण त्यांनी थांबवलं नाही.

डेट्रॉइटच्या फेडरल इमारतीत ते तिघं गेले. सरकारी वकील चाळिशीतला, सौम्य माणूस होता. त्यानं नकुलचं सगळं ऐकून घेतलं, लिहून काहीच घेतलं नाही. म्हणाला, मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं, त्या कुटुंबाबद्दल जास्त वाटतं, पण आरोप ठेवायला माझ्याकडे कलम नाही. ईश्वरनी विचारलं, निदान याचं ड्रायव्हिंग लायसन्स तरी? तो म्हणाला, ते राज्याचं काम, आणि राज्याच्या दफ्तरी असा अपघात घडलेलाच नाही. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा नकुलशी हात मिळवून म्हणाला, “गो होम, सन.” तेच शब्द नकुल दुसऱ्यांदा ऐकत होता.

परतीच्या वाटेवर गाडी ईश्वर चालवत होते. रीमाला तिच्या ऑफिसशी सोडलं. मग ईश्वर बोलू लागले आणि आजवर घरात कधी न बोललेलं बोलले.

त्यांचा एक मोठा भाऊ होता, दिगंबर. उमरेडच्या बाजूला त्यांचं गाव. त्रेपन्न सालची गोष्ट. दिगंबर दुसऱ्या गावच्या शाळेत पायी जायचा. मालगुजाराच्या घरची नवी जीप होती, ती त्याचा पुतण्या चालवायचा. नाल्याच्या पुलावर जीपनं दिगंबरला उडवलं. पाहणारे होते, बोलणारं कुणी नव्हतं. आई ठाण्यात गेली. हवालदारानं तिला अंगणाबाहेर बसवलं आणि लिहिलं, पोरगा पाय घसरून नाल्यात पडला. ती पुन्हा गेली, पुन्हा गेली. साहेब आले की पायरीखाली उभी राहून विचारायची, माझ्या लेकराची केस कधी लागणार? ती केस कधी लागली नाही. पुतण्या पुढे सरपंच झाला. दिगंबर गेला त्याच वर्षी बापानं गाव सोडलं, नागपूरला गिरणीत लागला आणि उरलेल्या पोराला शाळेत घातलं. ईश्वर कायदा वाचायला लागले ते त्या पायरीपायी. कायदा लिहिलेला असेल आणि आपल्याला वाचता येत असेल, तर आईला अंगणाबाहेर कुणी बसवणार नाही, असं त्या मुलाला वाटलं होतं.

नकुल खिडकीबाहेर पाहत ऐकत होता. सांगून झाल्यावर तो म्हणाला, “सो आय ॲम द गाय इन द जीप.”

ईश्वरना वाटलं, आत्ता काहीतरी म्हटलं पाहिजे. तू तसा नाहीस, तू पळून गेला नाहीस, तू खरं बोललास. हे सगळं खरं होतं. पण ते समोरचा रस्ता पाहत घरापर्यंत गाडी चालवत राहिले. त्या वर्षी चौदा एप्रिलला त्यांनी घसा बसल्याचं कळवलं आणि भाषण दुसऱ्या कुणी केलं.

यानंतर त्यांच्या मनानं एकच गोष्ट धरली. त्या बाईशी बोलायचं. कंपनीला विचारलं तर कंपनीनं पत्ता द्यायला नकार दिला. सैन्यानं उत्तर दिलं नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सेनादा नावाची बाई गल्ल्यावर बसायची. ती बोस्नियातून निर्वासित म्हणून येऊन डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमॅकला राहत होती. ईश्वर रोज तिच्याकडून कॉफी घ्यायचे, पण हवापाण्यापलीकडे कधी बोलले नव्हते. एका दुपारी गर्दी सरल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि ऐकलं. काही दिवसांनी म्हणाली, त्या गावच्या बाजूला माझी आतेबहीण आहे, तिनं चौकशी केली. रमीझच्या बायकोचं नाव झेहरा. तिच्याकडे फोन नाही, शेजारणीकडे आहे. शनिवारी संध्याकाळी ती तिथे येऊन बसेल. “मी येईन तुमच्या घरी,” सेनादा म्हणाली, “पण एक लक्षात ठेवा. तुम्ही बोलाल ते तसंच सांगीन, ती बोलेल तेही तसंच सांगीन. मऊ करून सांगणार नाही.”

तिकडे संध्याकाळ म्हणजे ट्रॉयमध्ये सकाळ उलटून गेलेली. मे महिना, बाहेर ऊन पडलेलं, शेजारी कुणी गवत कापत होतं. सेनादा दिवाणखान्यातल्या फोनपाशी बसली. तिच्या शेजारी ईश्वर, स्पीकरचं बटण दाबलेलं. सुलभाला हे सगळं नको होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, ना आत ना बाहेर. नकुल वरच्या खोलीत होता आणि तिथल्या एक्स्टेन्शनवर ऐकत होता. त्यानं तसं ठरवलं होतं. बोलायला लागलं तर बोलेन म्हणाला होता.

ईश्वरनी नाव सांगितलं. मी त्या मुलाचा बाप, म्हणाले. आम्हाला फार दुःख आहे, म्हणाले. यापुढचं मनात जुळवून ठेवलेलं त्यांना आठवेना. सेनादानं तेवढंच सांगितलं. मग पलीकडून एक बारीक, कोरडा आवाज आला. सेनादानं तो इंग्रजीत आणला.

“ती विचारतेय, त्याला किती वर्षांची शिक्षा झाली.”

झेहरा पुढे सांगत होती. अमेरिकन अधिकारी घरी आला होता. टोपी काढून बसला. म्हणाला, त्या माणसाला आमच्या देशात नेलंय, आता आमचा कायदा काय ते पाहील. अमेरिकेचा कायदा कडक असतो हे तिनं ऐकलं होतं. गावात लोक विचारतात. मोठी मुलगीही विचारते. म्हणून तिला आकडा हवा होता.

“तिला सांगा,” ईश्वर म्हणाले, आणि थांबले. त्यांनी आयुष्यभर लोकांना कायदा समजावून सांगितला होता. “तिला सांगा, शिक्षा झाली नाही. खटला झाला नाही. होणार नाही.”

सेनादानं सांगितलं. पलीकडून एकच शब्द आला.

“का, म्हणतेय.”

ईश्वरनी प्रयत्न केला. करार, सीमा, सैनिक नसलेला माणूस. तीन वाक्यं बोलले, चौथ्याला अडकले. सेनादा भाषांतर करत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की तिच्या भाषेत गेल्यावर त्यातलं काही उरत नाही. झेहरानं मधेच तोडलं. वेगळंच विचारलं. तो लगेच गेला, की जिवंत होता थोडा वेळ? काही बोलला का?

वरच्या फोनवरून नकुलचा आवाज आला. तो म्हणाला, मी होतो त्याच्याजवळ. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो काहीतरी बोलत होता, मला भाषा कळत नव्हती. पुन्हापुन्हा एकच बोलत होता. त्यानं तो आवाज आठवून उच्चारला, “ह्लाद्नो. ह्लाद्नो.”

सेनादानं डोळे मिटून घेतले. हा शब्द झेहराला भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. पलीकडे ऐकू गेलंच होतं. तिनं ईश्वरना सांगितलं, “थंडी. थंडी वाजतेय म्हणत होता.”

“आय डिडन्ट नो,” नकुल म्हणाला. “माझं जॅकेट गाडीत होतं. आय डिडन्ट नो.”

पलीकडे शेजारीण काहीतरी बोलत असल्यासारखं वाटलं. मग पुन्हा झेहरा. तिचा आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता.

“ती म्हणतेय, तुमच्याकडे कोर्ट नसेल तर त्याला इकडे पाठवा. आमच्या गावात न्यायाधीश आहे.”

ईश्वरनी मान वर केली तर दारात सुलभा. ती मान हलवत होती. नाही, नाही, नाही. जिन्यावर नकुल येऊन उभा राहिला होता. आणि स्पीकरमधून त्या परक्या घरातला सगळा आवाज येत होता. कुठे भांडं ठेवल्याचा, कुणाच्या तरी खोकण्याचा. ती बाई उत्तराची वाट पाहत होती.

“सांगा, मी विचारतो,” ईश्वर म्हणाले. “चौकशी करून कळवतो.”

आपल्या तोंडून हे शब्द निघाले आणि त्यांनी ते ओळखले. ठाण्याच्या अंगणात साहेबलोक आईला नेमकं हेच म्हणायचे.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. नकुलनं जाण्याची तयारी दाखवली. सुलभानं आजवर नवऱ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. त्या रात्री तिनं चढवला. ती मुलाला म्हणाली, “चूक केलीस, कबूल केलीस. स्वतःला नेऊन कुणाच्या हातात देऊ नकोस. नुकती लढाई झालेला मुलुख आहे तो. कोर्टापर्यंत पोचशील की नाही कोण जाणे.” मग ती ईश्वरकडे वळली. “तुम्ही सांगा त्याला.” ईश्वर जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. सोमवारी मात्र त्यांनी रीमाला फोन केला.

रीमानं पंधरवडा घेतला. तिनं कुठून कुठून विचारून तिथल्या एका वकिलाशी संपर्क साधला. उत्तर आलं, की न्यायाधीश आहे, पण करारानं त्याचे हात बांधलेले आहेत. मुलगा उद्या जाऊन कोर्टाच्या दारात उभा राहिला तरी खटला दाखल होणार नाही. हा अधिकार फक्त अमेरिका सोडू शकते, आणि ते सोडत नाहीत.

ईश्वर कारखान्यातल्या आपल्या टेबलाशी होते. रीमाचं बोलणं संपलं आणि त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. मोकळा श्वास आला. आपल्याला बरं वाटतंय हे पुढच्याच क्षणी त्यांना उमगलं. ते उठून प्रयोगशाळेच्या मागच्या दारानं बाहेर गेले. तिथे मीठ मारून गंजायला ठेवलेल्या पत्र्यांच्या रांगा होत्या. त्यांच्यामध्ये ते बराच वेळ उभे राहिले.

कळवतो म्हटलं होतं, म्हणून त्यांनी सेनादाला पुन्हा फोनपाशी बसवलं. शेजारणीनं फोन उचलला. झेहरा मुलींना घेऊन बहिणीकडे राहायला गेली, म्हणाली. बहीण कुठे असते ते ठाऊक नाही, म्हणाली. खरोखर ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, हे सेनादालाही ओळखता आलं नाही. निरोप ठेवायचा का, सेनादानं विचारलं. ईश्वरनी विचार केला. ठेवण्यासारखा निरोप नव्हता.

नकुल ट्रॉयमध्ये फार दिवस राहिला नाही. येणारे-जाणारे विचारत नसत, पण त्याच्यासमोर गाडीचा विषय निघाला की बोलणं बदलत. ते त्याला सहन होईना. तो ओहायोत, डब्लिनजवळच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट आणि माल वाहणारे पट्टे दुरुस्त करायच्या कामाला लागला. गोदामाला चालत जाता येईल अशी खोली घेतली. गाडी विकून टाकली. लायसन्सवर दंडाचा एक शेराही नव्हता. त्याची मुदत संपली तेव्हा त्यानं ते नवीन करून घेतलं नाही. त्याला कुणी शिक्षा केली नव्हती, म्हणून जमेल तशी तो स्वतःच करत होता. पण तिला शेवट कधी, हे सांगणारा कुणी नव्हता. दोन वर्षांनी एकदा सुलभानं त्याला लग्नाचं विचारलं. तो म्हणाला, “व्हॉट वुड आय टेल हर, आई?”

नव्व्याण्णव सालच्या नोव्हेंबरात रीमाचा फोन आला. वॉशिंग्टनमध्ये एक विधेयक पुढे सरकत होतं. परदेशात फौजेबरोबर काम करणाऱ्या सिव्हिलियन लोकांना गुन्ह्यासाठी इथल्या कोर्टात उभं करता येईल, असा कायदा. बरीच वर्षं रखडलेलं, आता बहुधा होईल. काकांना आनंद होईल असं तिला वाटलं होतं.

“मागच्या गोष्टींना लागू होईल?” ईश्वरनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. कृत्य घडल्यानंतर केलेल्या कायद्यानं कुणाला शिक्षा देता येत नाही, हे त्यांनी स्वतः हॉलमध्ये मुलांना कितीदा समजावलं होतं. माणसाला सत्तेपासून वाचवणारा तो मोठा नियम आहे, असं म्हणून.

“नाही, काका. फक्त पुढच्यांसाठी.”

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “व्हायलाच पाहिजे.” आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं.

त्याच महिन्याच्या शेवटी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला नकुल बसनं आला. त्याला आणायला ईश्वर आणि सुलभा निघाले. ईश्वर आता चष्मा लावूनही संध्याकाळी सावकाश चालवत. मागचे लोक हॉर्न वाजवत. रीमाचा फोन त्यांनी सुलभाला वाटेत सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि पर्स मांडीवर धरून समोर पाहत बसली. मग विचारलं, “तिथल्या कोर्टाला अधिकार असता, तर तुम्ही पाठवलं असतं का हो त्याला?”

ईश्वरनी मागच्या गाडीला पुढे जाऊ दिलं. “माहीत नाही,” ते म्हणाले.

“मला माहीत आहे,” सुलभा म्हणाली, आणि काय ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. बसस्टँडच्या शेडखाली नकुल कॉलर वर करून उभा होता. सुलभानं त्याच्यासाठी मागचं दार आतून उघडलं.